आधी मुद्दे काढा

जगात आजवर जे जे कोसळलं, ते मुद्दे न काढल्यामुळे कोसळलं. राज्यं बुडाली, पूल वाहून गेले, ठरलेली लग्नं मांडवात मोडली. त्या त्या ठिकाणी कुणीतरी आधी शांत बसून चार मुद्दे काढले असते, तर मानवजातीचा इतिहास आज वेगळा असता.

घोडबाभूळ तांड्याच्या शाळेत हे सातवीच्या वर्गाला दरवर्षी जूनमध्ये ऐकवलं जाई. ऐकवणारे राजपाल राठोड सर. सरांनी आयुष्यात स्वतः एकही निबंध लिहिलेला नव्हता.

यात लबाडी नव्हती. योग आला नाही, इतकंच. शाळेत असताना ते गाइडातला निबंध पाठ करून उतरवत. डी.एड.ला गाइड जरा जाड झालं, बाकी फरक पडला नाही. नोकरी लागल्यावर लिहिण्याचं काम पोरांकडे गेलं आणि तपासण्याचं सरांकडे आलं. विहिरीच्या काठावर उभं राहून पोहायला शिकवणारे पुष्कळ असतात. सर त्यांतले उत्तम होते. त्यांच्या हाताखालून एकही पोर बुडालं नव्हतं, कारण पाण्यात कुणी पडलंच नव्हतं.

वर्गाच्या भिंतीवर त्यांनी ऑइल पेंटने नियम लिहून ठेवले होते. 'आधी मुद्दे काढा.' त्याखाली, 'मुद्द्यांशिवाय निबंध तपासला जाणार नाही.' तिसरा नियम मागाहून सुचल्यामुळे वेगळ्या रंगात आणि खाली फरशीशी दाटीवाटीने बसवलेला होता: 'नुसते मुद्दे काढणाऱ्याने पहिल्या बाकावर बसून निबंध तिथल्या तिथे पूर्ण करावा व मोठ्याने वाचून दाखवावा.'

एवढं करूनही पोरांच्या डोक्यात मुद्दे शिरेनात. मग सरांना एक दाखला सुचला. तांड्यातली निम्मी घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. सहा महिन्यांचा संसार एका ट्रकमध्ये बसवायचा म्हणजे खेळ नाही. सर म्हणाले, "बाळांनो, मुद्दे काढणं म्हणजे गाडी भरणं. तुमची याडी कशी, कोणती वस्तू कुठे ठेवायची ते आधी ठरवते आणि मगच हात लावते? तसं."

आपली याडी म्हणजे आपली आई पुस्तकी कामाच्या उपयोगी पडते हे ऐकून पोरांचे डोळे लकाकले. दुसऱ्या दिवसापासून घोडबाभूळ तांड्यातला प्रत्येक निबंध 'अशा प्रकारे' या शब्दांनी सुरू होऊ लागला आणि 'पावसाळा हा एक ऋतू आहे' या वाक्याने संपू लागला. सरांनी पुष्कळ विचार केला. शेवटी हा इकडच्या हवेचा गुण असावा असं ठरवून त्यांनी तो विषय मिटवला.

असं सगळं सुरळीत चाललं असताना दसऱ्यानंतरच्या बुधवारी सरांच्या मोबाईलवर मेसेज आला. पाठवणाऱ्या राखी मॅडम. कारंज्याच्या, वयाने लहान, नुकत्याच केंद्रप्रमुख होऊन आलेल्या. 'जे आपण मुलांकडून करून घेतो, ते एकदा आपणही करून पाहू. शनिवारी आसेगावला सर्व मराठी शिक्षकांनी एका तासात निबंध लिहायचा आहे. विषय वेळेवर मिळेल. पेपर बंद पाकिटातून आपापल्या वर्गात जाईल आणि आपलेच विद्यार्थी, आपल्याच नियमांनी, तो तपासतील.' खाली एक हसरा चेहरा होता. सरांनी तो बराच वेळ पाहिला. त्याला दात होते.

ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे पाठवले. सरांनीही पाठवला. पाठवताना तो थरथरत होता, पण ग्रुपवर तेवढं दिसत नाही.

"तोंड असं काहून झालं? साप गिप पाह्यला काय?" घरात शिरताच बायकोने, शीलाने, विचारलं.

"निबंध लिहाचा हाय."

"कोनाले?"

"मले."

शीला तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "मंग मुद्दे काढा नं," ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली.

 सर कोपऱ्यातल्या हंड्याकडे गेले. पितळेचा जुना हंडा, एका बाजूला पोचा पडलेला. त्यांच्या लहानपणापासून तो घरात होता. तांब्याभर पाणी ते उभ्यानेच प्यायले आणि त्यांनी दुसरा तांब्या बुडवला.

"इतकं पानी नका पिऊ," शीला म्हणाली. "पेपरात उठता येत नाई."

संध्याकाळी ते ओट्यावर कागद घेऊन बसले. सरावासाठी सोपा विषय घेतला. मोर. मुद्दे भराभर निघाले: रंग, पिसारा, आहार, उपयोग, राष्ट्रीय महत्त्व. मुद्दे काढण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. मग त्यांनी एक ओळ सोडली आणि लिहिलं, 'मोर हा'.

आणि थांबले.

मोर हा काय? पक्षी आहे, हे खरं. पण ते मोराला पाहणाऱ्या प्रत्येकाला दिसतंच. मग राठोड सरांनी सांगण्यासारखं काय उरलं? पेन कागदाला टेकलेलं होतं आणि त्याच्या टोकाखाली शाईचा ठिपका मोठा मोठा होत चालला होता.  कागदाचा उरलेला पांढरा भाग त्यांना उन्हाळ्यातल्या तलावाच्या पात्रासारखा दिसू लागला: दूरवर काही नाही, आणि मध्ये आपण एकटे. त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात कोंबली. मग खिशातूनही भीती वाटायला लागली, तेव्हा चुलीत घातली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कस्तुराबाई शाळेत आली. तिची पोरगी निता सातवीत होती. सोमवारी ट्रक निघणार होता आणि निताला सोबत न्यायचं होतं. कस्तुराबाई तांड्यातलीच, सरांच्या बरोबरीची. चारचौघांत ती त्यांना 'सर' म्हणे. भांडायचं असलं की 'भिया', म्हणजे भाऊ.

"कस्तुराबाई," सर म्हणाले, "वसतिगृह आहे, जेवणखाण आहे. पोरगी हुशार आहे. लिहिती राहिली तर कुठच्या कुठे जाईल."

"तुमी लिहून कुठी गेले, भिया?"

सरांनी आजूबाजूला पाहिलं. तीच भिंत, तेच बाभळीचं झाड. लहानपणी ज्या पटांगणात ते गोट्या खेळले होते त्याच पटांगणात ते उभे होते. "शाळेत," ते म्हणाले.

"मले लहान्याले सांभाळाले मानूस पायजे. मी उसात रायतो, पोट्टं कोपीत, पाचटाच्या झोपडीत, एकटं रडते. यंदा निता येईन. गाडीत तिची जागा बी काढून ठेवली मी." गाडी भरण्यात कस्तुराबाईचा शब्द अख्ख्या टोळीत शेवटचा असे. "आमच्या गाडीतून सुई हरवत नाई. एका साली लहानपनी आमचा हंडा कुठी पडला देव जाने. मायनं मलेच झोडपलं, म्हने तूच पाडला. सारा हंगाम डालड्याच्या डब्यानं पानी भरलं. तवापासून वस्तू न् वस्तू पाहून ठेवतो मी."

"पण तिचं वर्ष..."

"निता सांगून राह्यली होती, शनवारी तुमचा पेपर हाय. पोरं तपासनार." कस्तुराबाईने पदर खोचला. "मंग असं करू. तुमी पास, तं पोरगी ठेवतो. तुमी नापास, तं पोरगी गाडीत. ज्याले सोताले लिहिता येत नाई, त्याच्यापाशी पोरगी ठेवून मी काय करू?"

मागे निता उभी होती.  सरांकडे फक्त पाहत होती, आणि तिच्या नजरेत शंका नव्हती. सरांनी तपासलेल्या कुठल्याच वहीत इतका भरवसा त्यांनी पाहिला नव्हता. 

"ठीक आहे," सर म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता.

शुक्रवारी त्यांनी आजारी पडण्याचे मुद्दे काढले. ताप: शीला कपाळाला हात लावेल. पोट: शीलाचा ओवा. पाय मुरगळणे: निबंध हाताने लिहितात. चारही बाजूंनी वाट बंद झाली. तेव्हा ते मंगरूळपीरला जाऊन दर्ग्यात डोकं टेकवून आले. मागायचं काय, याचे मुद्दे मात्र आधी काढले नव्हते, त्यामुळे तिथे ते नुसतेच टेकून राहिले. परतीच्या एस.टी.त शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "घरी कोनी बिमार हाय काय?" सर म्हणाले, "हो. मीच."

शनिवारी आसेगावच्या हॉलमध्ये पंखे चालू होते आणि तरी सरांच्या सदऱ्याची पाठ ओली होती. राखी मॅडम हसतमुख होत्या. फळ्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात विषय लिहिला: 'शाळा नसती तर'.

आजूबाजूला पेनं कुरकुरायला लागली. कोण काय लिहीत होतं देव जाणे, पण लिहीत होतं. सरांना वाटलं, आपण सोडून जगातल्या प्रत्येकाला ही गोष्ट कुणीतरी कधीतरी शिकवलेली आहे, आणि त्या दिवशी नेमके आपण गैरहजर होतो.

आधी मुद्दे, त्यांनी स्वतःला बजावलं. आणि डोक्यात विषयाऐवजी ट्रक आला. सोमवारचा ट्रक, त्यात निताची काढून ठेवलेली जागा. सरही लहानपणी गाडी भरायला मदत करत. घाबरलेला माणूस शिकलेलं विसरतो आणि लहानपणचं करतो. सरांचा हात आपोआप चालू लागला. आधी कागदाच्या तळाला जड पोती, मुद्दा क्रमांक एक: समारोप. मग शिक्षणाचं राष्ट्रीय महत्त्व, ते पण जड, आडवं टाकलं. त्यावर पेट्या: शाळा आणि समाज, शाळा आणि शिस्त. फटीत कोयते सरकवतात तशी दोन सुभाषितं सरकवली. एक मुद्दा बाहेर येत होता, तो दाबून बसवला. दोन मुद्दे एकमेकांवर घासत होते, त्यांच्यात अंथरूण घातल्यासारखा 'तथापि' घातला. काम नेटकं चाललं होतं. भीती थोडी मागे सरली होती. गाडी अशी भरली जात होती की कस्तुराबाईनेही मान डोलावली असती.

"पाच मिनिटं राहिली," राखी मॅडम म्हणाल्या.

सरांनी वर पाहिलं. मग कागदाकडे पाहिलं. पानभर मुद्दे, आणि निबंध कुठेच नाही. मागे सरलेली भीती एकदम छातीवर येऊन बसली.  सगळ्यात वर, मोकळ्या राहिलेल्या जागेत, शेवटचा मुद्दा काहीतरी लिहायला हवा म्हणून त्यांनी जे मनात होतं तेच लिहिलं: 'मला भीती वाटते.'

पाकीट बंद झालं.

रविवार कसा गेला ते सरांना सांगता आलं नसतं. शीला म्हणते, ते हंड्यापाशी होते.

सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकासमोर ट्रक उभा होता. कस्तुराबाई भल्या पहाटेपासून त्यात उतरचढ करत होती. पोती तळाला गेली, पेट्या बसल्या, चूल आणि ताडपत्री वर चढली. ड्रायव्हर अधूनमधून हॉर्न वाजवून पाहत होता. प्रत्येक हॉर्नला वर्गात खुर्चीवर बसलेले सर दचकत. पहिल्या बाकापाशी निता होती आणि तिच्या पायाशी तिचं गाठोडं.

तपासताना लिहिणाऱ्याने समोर बसू नये, म्हणून सर बाहेर व्हरांड्यात गेले. आत पाकीट फुटलं. कुजबुज झाली. मग शांतता झाली. ही शांतता सरांना ओळखीची होती. पोरांच्या वह्या तपासताना ते स्वतः अशीच शांतता पाळत.

"सर, आत या," निताने हाक मारली.

कागदावर लाल शाईने शेरा होता. निताचं अक्षर वळणदार होतं, ते सरांनीच लावलेलं वळण. 'गाडी छान भरली आहे. पण निघाली नाही.'

"निबंध खालून वर लिहिला का सर?" एकाने विचारलं. "समारोपाले पयला नंबर हाय, आन तो तळाले."

"बरोबरच हाय ते," निता त्याच्यावर खेकसली. "गाडीत जे आधी लागते ते शेवटी टाकतात. उतरल्यावर चूल पायजे, हंडा पायजे, मनून ते वर. सरांनीच सांगितलं नाई का, मुद्दे म्हन्जे गाडी भरनं?"

सर बघत राहिले. 'अशा प्रकारे पावसाळा मला आवडतो.' त्या सगळ्या वह्या, त्यांवरचे ते सगळे लाल फुल्यांचे ढीग. हवेचा गुण. त्यांना एकदम खाली बसावंसं वाटलं.

"म्हन्जे पास का नापास?" दारातून आवाज आला. कस्तुराबाई कडेवर लहान्याला घेऊन उभी होती. हाताला ट्रकचं काळं लागलेलं. "ड्रायव्हर बोंबलून राह्यला. लवकर सांगा."

निताने भिंतीकडे बोट केलं. तिसरा नियम, वेगळ्या रंगातला. "दोनी नाई, याडी. सरांना आता बसून लिहाचं हाय. आन मोठ्यानं वाचाचं."

"लिहा मंग," कस्तुराबाई म्हणाली आणि चौकटीला टेकली.

सर पहिल्या बाकावर बसले. बाक लहान होता, गुडघे वर आले. कागद पांढरा होता. पोरं भोवती उभी होती, दारात कस्तुराबाई, बाहेर इंजिन सुरू.  पळून जावं तर रस्त्यात ट्रक होता.

"वरून उतरवा सर," निता हळूच म्हणाली. "जे सगळ्यात वर हाय ते आधी."

सगळ्यात वर काय होतं? सरांनी पाहिलं. मग पेन टेकवलं. ठिपका मोठा होण्याआधीच पुढचं अक्षर आलं, आणि त्याच्यामागून दुसरं. हॉर्न वाजला, सर दचकले, पण हात थांबला नाही. अर्ध्या पानावर तो आपोआप थांबला. मग सर उभे राहिले आणि वाचू लागले. आवाज कापत होता आणि तो लपवायला वेळ नव्हता.

"मला भीती वाटते. ही भीती आजची नाही. मी दहा वर्षांचा असताना ऊसतोडीला निघालेल्या टोळीच्या गाडीवर सगळ्यात वर, हंड्याला धरून बसलो होतो. वरून शाळा दिसत होती. गाडी चालू झाली की शाळा लहान होत जाते, हे मला माहीत होतं, कारण आदल्या वर्षीही ती तशीच लहान होत होत गेली होती. तेवढ्यात गुरुजी धावत आले. माझ्या बापाशी भांडले आणि मला खाली ओढून घेतलं. मी हंडा सोडला नाही. धरायला दुसरं काही नव्हतं. त्यामुळे हंडाही माझ्यासोबत खाली आला, आणि गाडी निघून गेली.

"शाळा नसती तर गुरुजी नसते. गुरुजी नसते तर मी आज कुठल्यातरी उसात असतो आणि मला निबंधाची भीती वाटली नसती. मी शिक्षक झालो, पण मला अजून वाटतं की एक दिवस कोणीतरी दारात येईल आणि म्हणेल, राठोड, तू चुकून उतरलास. चल, वर बस. म्हणून मी गाडी नुसती भरत राहतो. निघायची वेळ येऊ देत नाही."

पुढे काही नव्हतं. पुढची पोती तळाशी होती आणि सरांना ती उतरवावीशी वाटली नाहीत.

 बाहेर ड्रायव्हरने, काय मनात आलं कोण जाणे, हॉर्न वाजवला नाही. सर दाराकडे पाहायला घाबरत होते. दारात कोणीतरी उभं होतं, हे त्यांना न पाहताच कळत होतं.

कस्तुराबाईने लहान्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. पदराने नाक पुसलं. लाल पेन घेऊन उभ्या असलेल्या निताकडे तिने पाहिलं आणि मग त्या गाठोड्याकडे.

"खरं लिहिलं," ती म्हणाली. "लहान्याले पाठीशी बांधतो मी. उसात नेतो. रडन तं रडन." मग आवाज चढवून, "निता, पाहून काय राह्यली? गाठोडं वसतिगृहात नेऊन टाक. आन केस बांध, भूतावानी दिसून राह्यली."

निताने कागदावर, सरांच्या हाताखालीच, एक लाल खूण केली. 'पास.' तिचा हात सरांच्या हातापेक्षा स्थिर होता. पोरांनी ओरडा केला. सरांच्या छातीवरचं ओझं इतक्या दिवसांनी जरासं हललं. डोळे भरून आले. आता दोन शब्द बोलावेत, शिक्षणाबद्दल, उतरलेल्या आणि न उतरलेल्या पोरांबद्दल, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी पहिल्यांदाच मुद्दे न काढता तोंड उघडलं.

पण कस्तुराबाई चौकटीतून हलली नव्हती. तिच्या कपाळाला आठी होती. ती कसला तरी हिशेब जुळवत होती आणि तो नुकताच जुळला होता.

"भिया," ती म्हणाली, "तो हंडा आमचा होता. पोचा पडलेला. घरी असन तं द्या आनून. गाडी उभी हाय."